या आठवड्याचा अभ्यास : परत आल्यावर घराची वेळ धरणं

॥ श्रीराम समर्थ ॥



गेल्या काही महिन्यांत आपल्या कुटुंब-गटांवर एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून आला. कुणी दुबईहून कायमचे परत आलेत. कुणाची मुलं अमेरिकेतून आलीत. कुणी मुलाकडे तीन-तीन वर्षं राहून आता आपल्या घरी आलेत. सगळ्यांचं म्हणणं एकच, "परत आलो की निवांत नाम घेऊ असं ठरवलं होतं. पण दिवसाची घडीच बसत नाही. घर आपलं, माणसं आपली, तरी मन लागत नाही." हा अभ्यास आम्ही दोघांनी लिहावा असं ठरलं, कारण या बाबतीत आम्ही चांगलेच ठेचकाळलो आहोत. ज्ञान म्हणून नव्हे, अनुभव म्हणून वाचावं.

*आमचं काय चुकलं*

चौदा वर्षं आम्ही न्यू जर्सीत होतो. बाबा २०२१ च्या मे महिन्यात गेले तेव्हा येणं जमलं नाही. शेवटचं दर्शन फोनच्या पडद्यावर घेतलं. त्यानंतर आई फ्रीगंजातल्या घरात एकटी होती. ती खंत मनात घेऊनच आम्ही परतीचा निर्णय केला. तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन मागच्या चैत्रात आलो.

येण्याच्या तीन महिने आधीच आम्ही दिनक्रम लिहून काढला होता. पहाटे पाचला उठणं, अर्धा तास जप, मग फिरणं, मग पूजा, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून उपासना. छापून फ्रीजवर लावला. आईला आता एकही काम करू द्यायचं नाही, तिनं फक्त माळ घेऊन बसावं, असं ठरवलं. स्वयंपाकाला बाई लावल्या. पितळी डबे माळ्यावर टाकून काचेच्या बरण्या मांडल्या, त्यांवर नावं चिकटवली. ओट्यावर पाणी साचतं म्हणून तिथे टाइल बसवली. पूजा आम्ही आमच्याकडे घेतली. "आई, खूप केलंस. आता आराम कर." आई म्हणाली, "बरं."

प्रत्येक गोष्टीला ती "बरं" म्हणत गेली आणि आम्हाला वाटलं, सगळं छान चाललंय.

दीड महिन्यानं लक्षात आलं की ती संध्याकाळी ओट्यावर बसत नाही. भाजीवाले भैया हाक मारून जातात, ती बाहेर येत नाही. माळ हातात असते, पण मणी पुढे सरकत नाही. डॉक्टरांना दाखवलं, तपासण्या केल्या, सगळं ठीक होतं. मग एका संध्याकाळी तिनं सहज विचारलं, "अरे, तुमचं तिकीट कधीचं आहे?"

आम्ही हसलो. म्हटलं, आई, विसरलीस का? आम्ही कायमचे आलोय.

ती म्हणाली, "ते ठाऊक आहे रे मला. पण तुम्ही वागता पाहुण्यासारखे. पाहुणे आले की मी माझं सगळं बाजूला ठेवते. ते गेले की पुन्हा मांडते. आता तुम्ही जातच नाही, तर मी माझं मांडू कधी?"

रागानं नाही म्हणाली. खरोखरच विचारत होती. आम्हाला त्या रात्री झोप लागली नाही.

शांत दिनक्रम हवा म्हणून आम्ही सातासमुद्रापलीकडून आलो आणि घरात जो शांत दिनक्रम आधीच चालू होता तोच आम्ही मोडला. पहाटे साडेचारला उठून ओट्यावर पाणी शिंपडणं, रांगोळीच्या चार रेघा, दूध तापवून झाल्यावर पूजा, पूजेनंतर माळ, दुपारी पोथी, चारनंतर ओट्यावर बसून भाजी निवडणं, दिवेलागणीला दिवा. बाबा गेल्यावर याच क्रमाच्या आधारानं ती उभी राहिली होती. आम्ही तिची सेवा म्हणून तिच्या हातातला आधारच काढून घेतला.

*महाराजांचं चरित्र काय सांगतं*

श्रीमहाराजांचं (१८४५–१९१३) चरित्र आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. लहानपणी गुरूच्या शोधात घर सोडलं, येहळेगावला श्रीतुकामाईंकडे पोचले, कठीण सेवा केली. अनुग्रह झाला, ब्रह्मचैतन्य हे नाव मिळालं. इथपर्यंतची गोष्ट आपण मुलांना रंगवून सांगतो. पण पुढचा भाग घाईत वाचला जातो. गुरूंनी त्यांना अरण्यात बसवलं नाही. प्रपंचात राहून लोकांना नामाला लावायची आज्ञा केली. पुष्कळ भ्रमण करून महाराज शेवटी गोंदवल्यालाच आले. तेच गाव, तेच घर, तीच आई. पुढे आईची काशीयात्रेची इच्छा त्यांनी स्वतः बरोबर जाऊन पुरी केली आणि अयोध्येत तिनं देह ठेवला.

म्हणजे घरी परतणं ही साधना संपल्यानंतरची विश्रांती नाही. गुरूनं सोपवलेलं ते काम आहे. हे आम्ही शंभर वेळा वाचलं होतं, पण स्वतःला लावून कधी पाहिलं नव्हतं.

नाथांची गोष्टही तीच. जनार्दनस्वामींकडे देवगिरीवर राहून, तीर्थयात्रा करून नाथ पैठणला परतले. वृद्ध आजोबा वाट पाहत होते. परंपरेनं सांगतात की स्वामींचं पत्र आजोबांजवळ होतं आणि त्यात आज्ञा होती, हे पत्र जिथे हाती पडेल तिथेच राहावं. नाथ तिथेच थांबले. पुढे विवाह केला, संसार केला आणि त्याच घरात राहून ग्रंथ लिहिले. ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत त्यांनी शके १५०६ म्हणजे १५८४ साली सिद्ध केली. इतकं मोठं काम रोजचं स्नान, संध्या, पुराण, कीर्तन, अतिथी हे सगळं सांभाळून झालं.

इथे थोडं थांबून विचार करू. त्या आज्ञेत 'चांगली जागा बघून राहा' असं नाही. 'आधी घर नीट लावून घे, मग राहा' असंही नाही. पत्र हाती पडलं त्या क्षणी जे जसं आहे, तिथेच. आम्ही मात्र घर आमच्या मनासारखं झालं की मग राहायला सुरुवात करणार होतो.

*सोडमुंजीचा अर्थ*

आमच्या उज्जैनची आठवण इथे सांगायलाच हवी. मंगळनाथाच्या वाटेवर सांदीपनी ऋषींचा आश्रम आहे. श्रीकृष्ण, बलराम आणि सुदामा इथे शिकले. चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकल्याचं भागवतपरंपरा सांगते. जवळच्या भागाला अंकपात म्हणतात, कृष्णानं पाटीवरचे अंक इथे धुतले अशी समजूत आहे. सगळे यात्रेकरू शिकण्याची जागा बघतात. पण शिकून झाल्यावर तिघेही आपापल्या घरी गेले, हेही तितकंच खरं. कृष्ण-बलराम मथुरेला गेले, सुदामा आपल्या गरीब घरी गेला. गुरू एक, विद्या एक, पण परतून जायचं घर ज्याचं त्याचं वेगळं.

या परतण्याला आपल्याकडे स्वतंत्र संस्कारच आहे. समावर्तन. आपण मराठी लोक त्याला सोडमुंज म्हणतो. कमरेची मेखला सोडायची, स्नान करायचं आणि मग घराकडे वळायचं. स्नान झालेला तो स्नातक. हल्ली हे सगळं मुंजीच्याच दिवशी किंवा लग्नाच्या आधी पंधरा मिनिटांत उरकतात. मुलगा छत्री-काठी घेऊन काशीला निघतो, मामा आडवा येतो, मुलगी देईन म्हणतो, सगळे हसतात. पण पूर्वजांना हे पक्कं माहीत होतं की बाहेर राहिलेला माणूस उंबरा ओलांडला की आपोआप घरचा होत नाही. काहीतरी सोडावं लागतं, काहीतरी धुवावं लागतं. आम्ही तेवीस बॅगा आणल्या, पण मेखला सोडली नव्हती. "तिकडे असं नसतं" हे वाक्य दिवसातून दहा वेळा तोंडात यायचं, हीच ती मेखला.

*वेधशाळेत मुलानं शिकवलेलं*

२१ जूनला मुलाला घेऊन आम्ही जंतरमंतरला, म्हणजे इथल्या वेधशाळेत गेलो. सवाई जयसिंहानं अठराव्या शतकात बांधलेली, १९२३ साली शिंदे सरकारांनी डागडुजी केलेली. उज्जैन कर्कवृत्ताच्या अगदी जवळ असल्यानं त्या दिवशी मध्यान्हाला शंकुयंत्राची सावली जवळजवळ नाहीशी होते. मुलगा घड्याळ बघत उभा. बारा वाजले, सावली आहेच. तो म्हणाला, यंत्र चुकतंय.

यंत्र चुकत नव्हतं. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशाची वेळ दाखवतं, तीच भारतभर चालते. उज्जैन त्याच्या पश्चिमेला आहे, म्हणून इथला सूर्य माथ्यावर यायला सुमारे सत्तावीस मिनिटं उशीर होतो. सूर्याच्या चालीप्रमाणे त्यात आणखी काही मिनिटं इकडेतिकडे होतात. साडेबाराच्या सुमारास सावली गेली. एके काळी आपले ज्योतिषी उज्जैनच्या रेषेवरूनच सगळी गणितं मांडत. लंका, उज्जैन, कुरुक्षेत्र अशी ती मध्यरेषा. घड्याळ बरोबरच असतं, पण जागेची स्वतःचीही वेळ असते. दोन्हींत किती अंतर आहे हे ठाऊक असलं की गोंधळ होत नाही.

घरी येताना मुलगा आपणहून म्हणाला, "आजीची वेळपण वेगळी आहे." त्याचं म्हणणं ऐकून आम्ही गप्प झालो. खरं म्हणजे आमच्या आधी तोच या घरात रुळला होता. इथे मित्र नव्हते, हिंदी अडखळत होती, शाळा सुरू व्हायची होती. म्हणून तो आजीच्या मागे मागे असायचा. तिच्याबरोबर गवार मोडायचा, दूधवाल्या भैयांना पैसे द्यायचा. त्यानं वेळापत्रक लावलं नव्हतं, म्हणून त्याला जागा मिळाली. त्याला अजूनही तिकडच्या मित्रांची आठवण येते, कधी रात्री डोळे भरतात, हेही खरं आहे. ते लपवण्यात अर्थ नाही.

*मग काय केलं*

फ्रीजवरचा कागद काढला. आईला विचारलं, "तुझा दिवस कसा असतो ते सांग, आम्ही त्यात बसतो." तिला आधी खरंच वाटेना. मग म्हणाली, "पूजा मी करीन. चंदन उगाळताना मनगट दुखतं, तेवढं कुणीतरी करा." एवढंच तिला हवं होतं. आम्ही सगळी पूजाच उचलली होती. पितळी डबे खाली आले. स्वयंपाकाच्या बाई फक्त सकाळच्या पोळ्यांना ठेवल्या. भाजी कुठली करायची हे आई ठरवते आणि निवडायला आमच्यापैकी एक जण ओट्यावर तिच्याजवळ बसतो.

सगळं सुरळीत झालं असं नाही. आमच्यापैकी एकाचं काम अजून तिकडच्या कंपनीचं आहे. तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं एक तास मागे जातात तेव्हा साडेसात. दिवेलागणीची वेळ वर्षातले कित्येक महिने कामातच जाते. आधी आम्ही उपासना रात्री दहाला ढकलली होती, म्हणजे आईनं जागायचं. आता दिवा तिच्या वेळेलाच लागतो. जो मोकळा आहे तो बसतो. जो कामात आहे तो आतून घंटा ऐकतो, मनात नाम घेतो आणि आपली माळ पहाटे आईच्या शेजारी बसून पुरी करतो. सगळ्यांनी एकत्र बसायचा आग्रह सोडला, तेव्हा दोन वेळा का होईना, रोजचं बसणं सुरू झालं.

एका सकाळी आई रांगोळी काढताना बाबांबद्दल बोलली. शेवटच्या आठवड्यात ते काय म्हणत होते ते तिनं आम्हाला पहिल्यांदाच सांगितलं. इतके दिवस ती बोलली नव्हती, कारण आम्ही तिच्याजवळ रिकामे बसलोच नव्हतो.

*अभ्यासाचे मुद्दे*

१. प्रवासाचा शीण आठ-दहा दिवसांत जातो. पण घराची वेळ कळायला वेळ लागतो. निदान पहिला महिना घरात काही बदलू नये. फक्त बघावं : कोण केव्हा उठतं, कोण कुठे बसतं, कुठली वस्तू कुणाच्या हाताला सवयीची आहे.

२. घरातल्यांना "आराम करा" म्हणण्याआधी "यातलं कुठलं काम जड जातं?" असं विचारावं. जड तेवढंच आपण घ्यावं. बाकीचं त्यांच्याकडे राहू द्यावं. म्हाताऱ्या माणसाचं काम म्हणजे पुष्कळदा त्याचं नामच असतं.

३. नामासाठी वेगळी शांत वेळ शोधत बसू नये. घरात आधीच जे रोज होतं त्याला नाम जोडावं. दूध तापताना, दिवा लावताना, चंदन उगाळताना. संख्या थोडी धरावी, पण खंड पडू देऊ नये.

४. बाहेरच्या शांततेची वाट पाहू नये. २०२२ साली महाकाल लोक झाल्यापासून आमच्या गावात गर्दी किती वाढली ते पाहुणे म्हणून आलेल्यांनी पाहिलंच आहे. २०२८ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं चालू आहेत. आम्ही चौदा वर्षं आठवणीत जपलेलं निवांत उज्जैन आता नाही. तरी पहाटे साडेचारला आईच्या ओट्यावर पाणी पडतंच.

५. काही साधक विचारतील, आमच्या घरी आता वडीलधारं कुणी उरलं नाही, घर वर्षानुवर्षं बंद होतं, मग कुणाची वेळ धरायची? अशा वेळी गल्लीची धरावी. दूध केव्हा येतं, जवळच्या देवळात आरती केव्हा होते, शेजारी केव्हा बाहेर बसतात. आई-वडील त्या घरात रोज करत असत अशी एखादी लहानशी गोष्ट आठवावी आणि तेवढी पुन्हा सुरू करावी. तुळशीला पाणी घातलं तरी पुरे.

६. मुलाकडे राहून परत आलेल्या ज्येष्ठांनी हेच उलट बाजूनं बघावं. तिकडे सुनेच्या घराची वेळ आपण धरली होती का? नसेल, तर पुढच्या खेपेला धरावी.

*कुटुंबात बसून बोलण्यासाठी*

– आपल्या घरात मोडू नये असा एक नेम कुणाचा आहे? तो आपल्याला नीट ठाऊक आहे का?
– "तिकडे असं असतं" किंवा "आमच्या वेळी असं होतं" हे आपण दिवसातून किती वेळा म्हणतो?
– घरातलं कुणी अलीकडे फार वेळा नुसतं "बरं" म्हणतंय का?

तिसरा प्रश्न मुलांनाही विचारावा. त्यांचंही "बरं" असतं.

*या आठवड्याचा नेम*

रोज दहा मिनिटं घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाजवळ, ते जे करत असतील त्या कामात, काही न सुचवता बसायचं. फोन आत ठेवायचा. मनात नाम चालू ठेवायचं. सात दिवसांनी काय वाटलं ते आपापल्या गटावर दोन ओळींत लिहावं. मोठं लिहायची गरज नाही.

आईला हा लेख वाचून दाखवला. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "तिकिटाचं लिहायचं काय कारण होतं? लोक म्हणतील, सुनेला-मुलाला घालवायला निघाली." मग थोड्या वेळानं म्हणाली, "असू दे. कुणाला उपयोग झाला तर होऊ दे." तिच्या परवानगीनं पाठवत आहोत.

चुकलं-माकलं महाराजांच्या चरणी.

॥ श्रीराम ॥